तीन दिवस काढायचं नाही

आमच्या घरात पहिला बूट मी घातला. कंपनीचा होता. काळा, जड, पुढे लोखंडाची टोपी असलेला. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका रसायनांच्या कारखान्यात मी नुकता लागलो होतो. आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. घणसोलीत आमच्या आळीत तोवर बूट म्हणजे पोलिसाच्या, नाहीतर जमिनीच्या मोजणीला आलेल्या सरकारी माणसाच्या पायातली वस्तू. मी घरी आलो की आई तो जोड ओटीवरून उचलून आत नेऊन ठेवायची. म्हणायची, कुत्रं नेल.

बाबांनी जन्मात बूट घातला नाही. लग्नाला जायचं तर चपला हातात धरून निघत आणि मांडव दिसला की पायात सरकवत. पावसात भातशेती आणि दिवाळीनंतर मिठागर, असं त्यांचं वर्ष होतं. मिठागराचं काम सुरू होतं ते वाफ्याच्या तळापासून. चिखल सुकत आला की चार-पाच माणसं ओळीने उभी राहून टाचांनी तो चोपत पुढे सरकतात, सगळा तळ घट्ट आणि सपाट होईस्तोवर. खड्डा राहिला तर मिठात माती येते. बाबा या कामात पुढे असत. "माज्या पायाखालचा वाफा बघ, त्यात भांग पाडून घे," असं ते आईला म्हणत, आणि आई म्हणे, "मंग मिठागरानच र्‍हावा, घरान कशाला येतंव?"

मी मॅट्रिक झालो होतो. घरात आलेला प्रत्येक कागद मी वाचायचा, ही आमची रीत. जमिनी सरकार घेत होतं, त्या नोटिसा येत. बाबा ओटीवर मांडी घालून बसत, हात मांडीवर, डोळे मिटलेले, आणि मी वाचत असे. वाचून झालं की ते डोळे उघडत आणि विचारत, "झाला सगला?" मी "झाला" म्हटलं की मग शाईचा अंगठा. माझ्या "झाला" या शब्दावर त्यांनी आयुष्यात बरंच काही देऊन टाकलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते याच शब्दावर झालं.

बूट घालायला लागून सहा-सात महिने झाले असतील, तेव्हा माझ्या उजव्या तळव्याला, करंगळीच्या खाली, काहीतरी टोचायला लागलं. चालताना खडा आल्यासारखं. बघितलं तर वाटाण्याएवढा कडक गोळा, आणि त्यात बारीक काळे ठिपके. आमच्या पाळीतला एक जुना फिटर होता, त्याला दाखवलं. तो म्हणाला, "कुरूप आहे. बुटाने होतं. साहेब लोकांना असतंच."

मला ते आवडलं. आज लिहिताना लाज वाटते, पण आवडलं. बुटाने होणारा आजार आमच्या सात पिढ्यांत कोणाला झाला नव्हता. घरी येऊन मी मोठ्याने सांगितलं, "मला कुरूप झालंय."

आई भांडी घासत होती. ती तिथूनच उसळली. "कोन बोलला कुरूप? कंपनीतला कोन बोलला? त्याच्या घरान आरसा नाय काय?"

"अगं, दिसायला नाही. पायाला. कुरूप म्हणतात त्याला."

"पायाला पन कशाला बोलंल? पाय पन चांगलेच हायेत माज्या पोराचे."

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या हसण्याचा आवाज माझ्या कानात अजून आहे.

पुढच्या सुट्टीला मी ठाण्याला गेलो आणि एका मेडिकलमध्ये कुरूपाची पट्टी मागितली. कॉर्नकॅप. चिकटपट्टीवर जाडसर गोल कडं असतं आणि मधे औषधाचा ठिपका. दुकानात एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी मला बाकावर बसवून पाय बघितला, बोटाने दोन्ही बाजूंनी चिमटला. मी ओरडलो. ते म्हणाले, "हे कुरूप वाटत नाही. चामखीळ असावी. ओल्या न्हाणीतून येते, दहा जण जिथे अनवाणी अंघोळ करतात तिथून. पट्टीने जाईल, पण वेळ लागेल. आणि पसरते बरं का. घरात टॉवेल, वजरी वेगळी ठेवा."

कंपनीची न्हाणी तशीच होती. पाळी सुटली की आम्ही वीस-पंचवीस माणसं त्या ओल्या फरशीवर उघड्या पायांनी उभी. म्हातारे बरोबर बोलत होते हे मला तिथेच कळलं. पण घरी येऊन मी कुरूपच सांगितलं. चामखीळ म्हणजे घाण. मानेवर चामखिळी असलेल्या गावातल्या एका बाईच्या हातचं पाणी आम्ही पोरं पीत नसू. कुरूप हा साहेबाचा आजार होता, आणि मी तो सोडायला तयार नव्हतो.

उपचार मी मन लावून केला. संध्याकाळी घमेल्यात गरम पाणी घेऊन पाय बुडवून बसायचं. पट्टी लावायची. ती तीन दिवस ठेवायची, अंघोळीला पाय बादलीच्या काठावर. तिसर्‍या दिवशी काढली की खालची कातडी पांढरी, फुगलेली, शिजलेल्या भातासारखी. ती अर्ध्या ब्लेडने खरवडायची आणि उरलेलं वजरीने घासायचं. पुन्हा नवी पट्टी.

वजरी म्हणजे आमच्या मोरीतला काळा खरबरीत दगड. मोरीच्या कोनाड्यात असायचा. एकच. आई टाचा घासायची, बाबा मिठाने फुटलेले तळवे घासायचे, आणि त्याच दगडाने मी माझी ती पांढरी कातडी घासत होतो. वेगळी वजरी आणायला काय लागत होतं? पण आणली असती तर आईने विचारलं असतं, का रे. आणि कुरूप पसरत नाही.

दोन-अडीच महिन्यांत माझा तळवा स्वच्छ झाला. नवी गुलाबी कातडी आली. मी सगळ्यांना पाय वर करून दाखवला.

पुढचा पावसाळा संपत आला तेव्हा बाबा मोरीतून बाहेर आले आणि ओटीवर बसून डावा पाय मांडीवर घेऊन बघत बसले. "इथं कं तरी हाय," म्हणाले. "वजरी आडते."

मी बघितलं. करंगळीच्या खाली. काळे ठिपके.

"लागतं का?"

"नाय. मना कं लागतंय! लोखंड हाय ता."

त्यांना लागत नव्हतं. पायात काटा मोडला तरी त्यांना हल्ली कळत नसे आणि ते त्याचा अभिमान धरत. त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या पाठीवर गळू झालं होतं, तेव्हा ठाण्याच्या डॉक्टरांनी लघवी तपासून साखर असल्याचं सांगितलं होतं. गोळ्या दिल्या होत्या. आईने चहातली साखर बंद केली, आणि बाबा शेजारी चुलत्याकडे जाऊन गूळ घातलेला चहा प्यायला लागले. साखर म्हणजे आमच्या घरात पथ्याची गोष्ट होती. तिचा पायाशी काही संबंध असेल असं कोणाच्या मनात आलं नव्हतं. माझ्याही नाही, एका सकाळपर्यंत.

आईने गावभर सांगितलं की म्हातार्‍याला कुरूप झालं. चुलता ओटीवर येऊन बसला आणि म्हणाला, "कं रं दादा, आमी गेलो का पोराचे बूट घालून फिरतंस काय आलीन?"

"फिरतं ना," बाबा म्हणाले. "तुज्या वयनीला घेवन वाशीला शिनेमा बघाया जातं."

सगळे हसले. मीही हसलो. ज्याने जन्मात बूट घातला नाही त्याला बुटाचं कुरूप कसं होईल, हे त्या हसण्यातच उघडं पडलेलं होतं. कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. मी हसत राहिलो.

दिवाळी जवळ आली होती. मिठागर सुरू व्हायचं होतं आणि बाबांना पाय सपाट हवा होता. त्या गोळ्याने वाफ्यात वण उठेल, असं त्यांचं म्हणणं. खरं-खोटं देव जाणे. आमच्या बाजूची मिठागरं तेव्हा एकेक करून बंद पडत होती, आणि हा आपला शेवटचाच हंगाम असेल असं त्यांना आतून वाटत असावं. त्यासाठी ते सजत होते, एवढंच मला आता म्हणता येतं.

त्या सकाळी मी ओटीच्या पायरीवर बसून बुटाच्या नाड्या बांधत होतो. कंपनीची गाडी रस्त्यावर यायची वेळ झाली होती. बाबा आतून माझं उरलेलं पाकीट घेऊन आले. त्यातली पट्टी त्यांनी हातात धरली होती आणि घडी घातलेला तो पातळ कागद माझ्यापुढे केला.

"यावं कं लिवलंय रं?"

कागद इंग्रजीत होता. मी तो आधी कधी उघडलाच नव्हता, माझ्या वेळी दुकानातल्या म्हातार्‍यांनी सगळं तोंडी सांगितलं होतं. मी उलगडला. वर कसं लावायचं ते. खाली, वेगळ्या चौकटीत, दोन ओळी. त्यातला एक शब्द मला माहीत होता, कारण ठाण्याच्या डॉक्टरांनी बाबांच्या चिठ्ठीवर तोच लिहिला होता आणि मी तो स्पेलिंगसकट पाठ केला होता.

चाळीस वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मला घाई होती, अक्षर बारीक होतं, माझं त्या ओळीकडे लक्षच गेलं नाही. आता खरं लिहितो. लक्ष गेलं. मी ती ओळ वाचली, मनात. आणि मला कंटाळा आला. ती मोठ्याने वाचली असती तर पट्टी ठेवून द्यावी लागली असती. मग त्यांना ठाण्याला न्यावं लागलं असतं, एक पाळी बुडवून. तिथे डॉक्टर म्हणाला असता, ही चामखीळ आहे, घरात कोणाला होती का? हे सगळं एका क्षणात माझ्या डोक्यातून गेलं. मला वाटलं, एवढीशी पट्टी, काय व्हायचंय. मला तर काही झालं नाही.

"विशेष काही नाही," मी म्हणालो. "तीन दिवस काढायचं नाही."

"झाला सगला?"

"झाला."

गाडीचा हॉर्न वाजला आणि मी धावत गेलो.

त्यानंतरचे दिवस मी कामाला जात होतो, येत होतो, जेवत होतो. बाबा पट्टी लावून ओटीवर पाय पसरून बसलेले दिसत. विचारलं तर म्हणत, "बेस हाय." चौथ्या संध्याकाळी आईने पट्टी काढली. मी घरात होतो. तिने हाक मारली तेव्हा तिचा आवाज वेगळा होता. माझ्या तळव्याला जिथे पांढरी कातडी असायची तिथे बाबांच्या तळव्याला भोक होतं. कडा काळपट, आत ओलं. बाबा वाकून बघत होते, दुसर्‍याच कोणाचा पाय असल्यासारखे. "पन लागत नाय मना," ते म्हणाले.

आईने हळद भरली. दोन दिवसांनी पाय घोट्यापर्यंत सुजला. मग वास यायला लागला. ठाण्याला इस्पितळात नेलं तेव्हा करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलेलं होतं.

बाबांना भरती केल्यावर कपडे न्यायला मी घरी आलो. कोनाड्यातून तो कागद काढला आणि चुलीत घातला. आईने विचारलं, "कं जालतंस?" मी म्हटलं, रद्दी.

डॉक्टर तरुण होते, माझ्याच वयाचे. त्यांनी बाबांना विचारलं, "हे कशाने झालं?"

"कुरूप होता, सायेब."

"बूट घालता?"

"नाय."

"मग कुरूप कुठून येईल?" ते माझ्याकडे वळले. "साखर आहे हे घरात माहीत होतं ना? मग पट्टी कोणी लावली? त्यावर लिहिलेलं असतं स्पष्ट."

मी तोंड उघडलं होतं, एवढं मला नक्की आठवतं. पण बाबा आधी बोलले. खाटेवर कोपर टेकून अर्धे उठले, जसे नोटीस घेऊन आलेल्या सरकारी माणसापुढे उठत.

"पोराचा कं नाय त्यात, सायेब. त्यानं वाचून सांगितला व्हता. तीन दिस बोलला. मीच चार ठेवला. मना वाटला, जास्ती ठेवला तं पार जाईल. माजीच चूक हाय."

डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मी तोंड मिटलं.

आधी बोटं गेली. मग अर्धं पाऊल. महिन्याभरात गुडघ्याखालून पाय गेला. तो हंगाम मिठागराने त्यांच्याशिवाय केला आणि पुढच्या वर्षी ते मिठागर बंदच झालं. बाबा म्हणाले, "बघ, माज्या पायाबगर नाय चालला त्यांना."

त्यानंतर ते पाच वर्षं जगले, काखेत कुबडी घेऊन, ओटीवर. आणि ही पाच वर्षं ते येणार्‍या-जाणार्‍याला एकच गोष्ट सांगत राहिले. "पोरगा तीन बोलला, मी चार ठेवला. शिकलेल्या मानसाचा ऐकावा." पाहुणे आले की सांगत. भाडेकरू आले त्यांना सांगत. गावात नोटिसा येत होत्या, आता जमिनीच्या बदल्यात मिळायच्या जागेच्या, आणि लोक त्या माझ्याकडे वाचायला आणू लागले. बाबाच पाठवत. "त्याच्याकडना वाचून घे. तो सांगंल तसा कर. माज्यासारखा करू नको." मी ओटीवर बसून लोकांचे कागद वाचायचो, शेवटची ओळही सोडायचो नाही, चौकटीतली, तळटीपेतली, छापखान्याचं नावसुद्धा. लोक कंटाळायचे. बाबा डोळे मिटून ऐकत असायचे आणि त्यांच्या चेहर्‍यावर समाधान असायचं. ते समाधान बघत बसणं ही माझी शिक्षा होती असं म्हणायचा मला मोह होतो. पण शिक्षा भोगणार्‍याला कोणी चहा आणून देत नाही, आणि मला देत होते.

रविवारी मी त्यांना अंघोळ घालायचो. त्यांचा उजवा पाय मांडीवर घेऊन नव्या वजरीने हळूच घासायचो. त्या वेळी दोन वजर्‍या होत्या घरात, आईला मी सांगितलं होतं की डॉक्टरने सांगितलंय. एकदा पाय घासून झाल्यावर ते म्हणाले, "आता दुसरा."

मी थांबलो.

"डावा. करंगलीखाली. खाजते तिथं. मना ठाव हाय, तो नाय. पन खाजते."

मग मी वजरी पुढे नेली आणि पाटावर, त्यांचं पाऊल जिथे असायला हवं होतं तिथे, घासल्यासारखं केलं. लाकडावर दगडाचा खर्र खर्र आवाज. त्यांनी डोळे मिटले. "हां," म्हणाले. "तिथंच."

मी एकदा सांगायचा प्रयत्न केला. त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात. दुपारची वेळ, आई झोपलेली, समोरच्या पडक्या खळ्यावर नव्या इमारतीची वाळू टाकत होते. मी जवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, "बाबा, तेव्हा त्या कागदावर आणखी एक ओळ होती. मी ती वाचली नव्हती तुम्हाला."

त्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत अशी भीती मी कधी पाहिली नव्हती, पाय कापायला नेताना पण नव्हती.

"कंचा कागद?" ते म्हणाले. "जमिनीचा? त्यावं आंगठा दिलाय मी."

तेव्हा मला कळलं की मी काय हातात धरून बसलो आहे. एक ओळ सोडली असं म्हटलं तर त्यांनी माझं ऐकून दिलेले सगळे अंगठे हलतील. शेत गेलं, खाडीकाठचं खाजण गेलं, ते सगळं मी नीट वाचलं होतं का, हे त्यांना मरताना मोजत बसावं लागेल. असं मला तेव्हा वाटलं. आज वाटतं की त्यांची भीती मला सोयीची पडली. दोन्ही खरं असेल.

"नाही बाबा," मी म्हणालो. "जमिनीचा पूर्ण वाचला होता. अक्षर न् अक्षर."

"मंग झाला," ते म्हणाले आणि परत उशीला टेकले. मग वाळूच्या ढिगाकडे बघत: "पायाचा म्हनशील तं ती माजीच चूक. तू तीन बोलला व्हतास."

पावसाळ्याच्या तोंडावर ते गेले. चुलता दहाव्याला जमलेल्या माणसांना म्हणाला, "पोरानं खूप केला. पन म्हातारा हट्टी." मी केस काढलेलं डोकं खाली घालून ऐकलं.

आई आता नाही. चुलताही नाही. ती ओटी पाडून तिथे चार मजले चढले, खालच्या गाळ्यात मेडिकलचं दुकान आहे. मागच्या महिन्यात माझीही साखर निघाली. गोळ्या घ्यायला खाली उतरलो होतो, तर काउंटरवर त्या पट्ट्या दिसल्या. पाकीट बदललंय. मी एक मागून घेतलं आणि आतला कागद काढून तिथेच उभा राहून वाचला. दुकानदार म्हणाला, "अंकल, कुरूप आहे का? शुगरवाल्यांनी नाही लावायचं ते." त्याने न विचारता सांगितलं. बाविशीतला मुलगा.

चौकट तिथेच आहे, खाली. मी घरी आलो आणि हे लिहायला बसलो. माझ्या बायकोने हे वाचलेलं नाही, पोरांनी नाही. त्यांनाही बाबांची तीच गोष्ट पाठ आहे, तीन आणि चारची, आणि माझी नातवंडं अभ्यास टाळायला लागली की ती त्यांना सांगितली जाते. ही गोष्ट खोटी आहे. चार दिवसांनी काही झालं नाही. पहिल्या दिवशीच व्हायचं ते झालं होतं.

बाबा, त्या कागदावं लिवला व्हता: साखर आसंल त्यानं यो लावू नये. आदी डॉक्टरला दाखवावा.

एवढाच. आता झाला सगला.